खुराड्याचं दार

हेलेनाहून दोघं आलेत, पायात शहरी बूट,
विचारतात, बाई, त्यांचं आयुष्य कसं होतं?
मी हिशेबाची वही पुढे सरकवली.

एप्रिल: मैदा अर्धं पोतं, उधार.
कोबाल्ट निळा, दोन नळ्या, रोख.
आभाळ महाग पडतं
हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.
जमीन स्वस्त. तिचा रंग तर एनोक
नदीच्या दरडीतून खरवडूनही आणी.

बाप ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत, कायम जमिनीखाली.
त्या गावात धुरानं गवतसुद्धा धरत नसे.
बाराव्या वर्षापासून हा शवपेट्यांवर नावं रंगवायचा.
अक्षर मोत्यासारखं, मेलेल्यांची उंची तोंडपाठ.
बिटररूटचे डोंगर पहिल्यांदा दिसले तेव्हा
त्यानं म्हणे मोजून पाहिलं,
किती पेट्या लांब.

मग रेल्वे कंपनीचं कॅलेंडर.
साहेब म्हणाले, तारेचे खांब काढा. काढले.
तोडलेल्या झाडांची खोडकी काढा. काढली.
आता घोड्यावर एक रेड इंडियन हवा, दूरवर पाहणारा.
बाझिल आला. सॅलिश. हे खोरं आधी त्याच्या माणसांचं,
आता तो इथे कुंपणाचे खांब ठोकायचा,
दिवसाला पाऊण डॉलर.
दोन दिवस आमच्या लाकूड कापायच्या घोडीवर बसला.
चित्र पाहून एवढंच म्हणाला:
घोडा माझा नाही.
आणि मी कुंपणाकडे बघत होतो.

त्या रात्री एनोक जेवला नाही.
पैसे मात्र आले, छपरावर पत्रा आला.
तेही वहीत आहे.

दंतवैद्यानं माझे तीन दात बसवले,
बदल्यात एक सूर्यास्त नेला.
शिळा पाव मी अजून त्या सूर्यास्तानंच चावते.
(हसू नका, लिहून घ्या.)

शेवटी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.
मी नळ्यांना दोरे बांधले,
निळ्याला एक गाठ, पांढऱ्याला दोन.
एकदाच फसवलं त्याला,
कोबाल्टच्या जागी स्वस्तातला निळा दिला.
बराच वेळ कुंचला फिरत राहिला, मग म्हणाला,
लव्हडे, आज आभाळ काटकसरीचं आहे.

चित्रं? ती गेली. बँकेत, हॉटेलात,
एक कुठल्याशा सिनेटरच्या जिन्यात.

दोघं जायला निघाले
आणि परसात खुराड्यापाशी थबकले.
रोज संध्याकाळी पॅलेटवर उरलेला रंग
तो सुरीनं ओढून त्या दारावर पुसायचा.
एकतीस वर्षं.
तिथे डोंगर नाही, घोडा नाही, कुणी दूरवर पाहत नाही.
बोटभर जाड थर, नुसता,
जसा दिवस उरला तसा.

एकानं टोपी काढली.
दुसऱ्यानं विचारलं, याचे किती घ्याल?

मी म्हणाले, आत नऊ कोंबड्या आहेत
आणि कोल्हे कॅलेंडर बघत नाहीत.

ते गेले. धूळ खाली बसली.
एक, दोन, पाच, आठ; नववी नेहमीसारखी उशिरा.
कडी सारताना अंगठ्याचं नख रंगात रुतलं.
तो जाऊन तीन हिवाळे झाले.
आत अजून ओलं होतं.