चिंचेचा वास

दिवसभर जेल रोडला काचा चिकटवतो मी
लोकांच्या फोनांवर. एक बुडबुडा राहिला
तर गिऱ्हाईक संध्याकाळी भांडायला हजर.
रविवार मात्र चौबळसाहेबांचा.
रामबागेतला तळमजला, पूर्वेची खिडकी,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात
जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेली
दोनशे अकरा नाणी.

साहेबांना आता मधलं दिसत नाही.
कडेकडेचं दिसतं. म्हणजे
दाराची चौकट दिसते, आलेला माणूस नाही.
‘फोटो काढ,’ म्हणाले, ‘यादी करू, विकून टाकू,
अंगठा शाबूत आहे तोवर.’

पहिल्या रविवारी एक फोटो धड आला असेल तर शपथ.
जवळ गेलं की नाणं विरघळायचं,
फ्लॅश मारला की पांढरा डाग,
आणि होळकरी रुपयावरच्या सूर्याच्या तोंडावर
माझ्याच फोनचा काळा चौकोन,
त्यामागे माझं नाक.

मग जमलं हळूहळू.
चार पेले उपडे, त्यांवर खिडकीची सुटी काच,
काचेवर फोन पालथा.
श्रीखंडाच्या डब्याचं बूड कापून
नाण्याभोवती उभं केलं, तर उजेड सायीसारखा.
तीन सेकंदांचा टायमर, आणि तेवढा वेळ
श्वाससुद्धा घ्यायचा नाही.
साहेब पलंगावरून सांगायचे,
‘एवढा गोड उजेड नको. तो डबा काढ.
डावीकडून घे, खालून, अजून खालून,
दिवस कलताना नांगरट दिसते ना, तसा.’
काढला डबा. आणि त्या सूर्याला
भुवया फुटल्या.

आता सांगूनच टाकतो.
तिसऱ्या रविवारी एक अर्धा आणा खिशात घालून घरी नेला.
तांब्याचा, त्यावर बसलेला नंदी,
काळा-हिरवा, कॅमेऱ्यात नुसता खड्डा.
काचा पुसणारा माणूस मी, मला राहवेना.
आई देवाची भांडी घासत होती, तिच्याशेजारी बसलो,
चिंच लावली, मीठ लावलं,
असा निघाला, असा निघाला
की शेजारची पोरं बघायला आली.
फोटोही तसाच. माझा आजवरचा सगळ्यात देखणा,
नंदीच्या पाठीवरची झूल उलगडून घ्यावी असा.

पुढच्या रविवारी साहेबांच्या तळव्यावर ठेवला.
अंगठा फिरला. थांबला.
पुन्हा फिरला, उलटा.
मग त्यांनी नाणं नाकाशी नेलं.
बाहेर कचरागाडीचं गाणं गल्लीभर फिरून गेलं
तरी ते काही बोलले नाहीत.

‘चिंच,’ म्हणाले शेवटी.
‘अरे भिया, काळं व्हायला
शंभरावर वर्षं लागली होती त्याला.’

मी म्हटलं, याचा फोटो नको यादीत.
‘का? घालायचा. खाली लिही, घासलेला.’
मी लिहिलं.
‘यंदा घासलेला, चिंचेने.’
तेही लिहिलं.
‘किंमत?’ विचारलं.
‘तांब्याची,’ म्हणाले, आणि हसले,
पण माझ्याकडे नाही,
माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघून.
त्यांना मी तिथेच दिसतो.

मग म्हणाले, दाखव तरी.
दोन बोटांनी नंदी मोठा केला, इतका
की सगळा पडदा त्याचा वशिंडच.
मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून
त्यांनी पाहिलं बराच वेळ.
सवयीने अंगठा टेकवला, फिरवला.
घसरला.
‘काहीच लागत नाही रे हाताला.’
काचच ती, मी म्हटलं.
‘तूच लावलीस?’
हो.
अंगठा काठाकाठाने वर गेला,
उजव्या कोपऱ्याशी अडखळला.
‘इथे बुडबुडा आहे.’

खिडकीशी नेऊन तिरपा धरला फोन,
डावीकडून, खालून, अजून खालून.
होता.