रिकाम्याची नोंद

क्लायपेदाच्या बंदरावर बत्तीस वर्षं
रिमगाउदास कंटेनर मोजत होता.
आता मंगळवारी साडेसहाला
वाचनालयाच्या तळघरात येतो,
ओले बूट रेडिएटरखाली सरकवतो
आणि दोन बोटांनी टाइप करतो,
एकेक अक्षर क्रेनने उतरवल्यासारखं.

मी शिकवते. तो माझ्या वडिलांहून मोठा.

आजचा धडा : खरं आणि खोटं.
सोपा आहे, मी म्हणाले,
शून्य खोटं. एक खरं.
दोन, नव्वद, साडेतीनही खरे.
उणे सात?
तेही खरं.
"म्हणजे कर्जबाजारी खरा
आणि ठणठणगोपाळ खोटा," तो म्हणाला.
वर्ग हसला. मीही हसले,
कारण चूक काढता येईना.

रिकामी यादी खोटी.
पण तिलाच दुसऱ्या यादीत ठेवलं
तर बाहेरची खरी होते.
"पेटीत पेटी."
हो.
"आतलीत काही नाही."
काहीच नाही.
"तरी काट्यावर वजन येणार. रिकाम्या डब्याचंही
दोन टनांवर भरतं, बाई."

मग त्याने अवतरणचिन्हांत शून्य लिहिलं.
यंत्र म्हणालं, खरं.
अवतरणचिन्हांत 'खोटं' हा शब्द लिहिला.
खरं.
त्याने चष्मा पुसला, पुन्हा चालवून पाहिलं.
मी सांगितलं, ते शून्य नाही, शून्याचं लिखाण आहे.
यंत्र अर्थात शिरत नाही,
जागा भरली आहे का एवढंच बघतं.
मागून विलूने, रात्रपाळीची नर्स, म्हणाली,
"आमच्याकडे तक्रारीच्या रकान्यात
'तक्रार नाही' असं लिहितात.
महिनाअखेरीला त्या सगळ्या
तक्रारी म्हणून मोजल्या जातात."

रिमगाउदास हसला नाही.

"सत्त्याण्णवचा फेब्रुवारी," तो म्हणाला,
"रॉस्टॉकहून आलेला चाळीस फुटी डबा.
कागदावर होतं, रिकामा.
बर्फ तिरका मारत होता, माझं सूप निवत होतं.
दाराच्या फटीतून बघितल्यासारखं केलं,
खूण केली, सही केली, कडी घातली.
चौथ्या दिवशी क्रेनवाला म्हणाला,
डबा बोलतोय.
मांजरी होती. तीन पिल्लं. एक गेलेलं.
चार दिवस ती
माझ्या सहीच्या आत होती."

रेडिएटर टकटक करत राहिला.

त्यानंतर म्हणे तो प्रत्येक रिकाम्या डब्यावर
हातोडीने तीनदा ठोकायचा
आणि गार पत्र्याला कान लावायचा.
पोरं म्हणायची, आला पाहुणा, दार उघडा.
सूप रोज निवायचं.

"यंत्र कान लावतं का?"
नाही.
आपण सांगू तेवढं बघतं, सांगू तसं बघतं.

एक गोष्ट शिकवायची राहिली होती.
अवतरणचिन्हं उघडून मी
स्पेसबार एकदा दाबला, आणि चिन्हं मिटली.
आत काय दिसतं?
"काही नाही."
चालवा.
खरं.
तो पडद्याकडे बराच वेळ बघत बसला,
मग अगदी हळू म्हणाला,
"मांजरी."

गृहपाठ शुक्रवारी आला. नऊ ओळी.
एक कंस उघडाच राहिलेला,
एका नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं.
सगळ्यांत वर, जिला यंत्र ओलांडून जातं
तसली एक ओळ :

# रिकामा म्हणत असेल, तर आधी वाजवून बघ

मी कंस मिटवला, नाव दुरुस्त केलं.
प्रोग्राम चालला.
त्या ओळीवाचूनही चालला असता,
हे त्यालाही ठाऊक आहे.