उणे नऊ

माझा चोर अजून उणे नऊवर पडलाय.
अकरा वर्षं झाली.
सहकारनगरला मुकुल गद्रेच्या हॉलमध्ये, सतरंजीच्या कडेला,
जिथं कपाचा गोल डाग होता
तिथंच ती गुहा होती,
आणि गुहेत तो, पोटात भाला घेऊन.

उणे दहाला माणूस मरतो, मुकुल म्हणाला.
तिसऱ्या आवृत्तीत असंच आहे,
आणि तिसरीनंतर आवृत्त्या निघाल्या नाहीत,
नुसती पुस्तकं निघाली.

शबनम तांबोळीनं पिशवीतून पाचवी काढली.
कोरी, गुळगुळीत, पानं उघडताना कुरकुरणारी.
हिच्यात उणे नसतंच, ती म्हणाली.
शून्य म्हणजे शून्य. मग तीन वेळा फासा टाकायचा.
मरणाऱ्याला जरा वेळ द्यावा माणसानं.

मरणसुद्धा हप्त्यांनी! मुकुल म्हणाला.
आणि तुमची तिसरी म्हणजे मिळकतकराचा फॉर्म,
नाला ओलांडायचा तरी सात रकाने!
उन्मेष सोनटक्के हळूच म्हणाला, मला चौथी आवडते.
त्याच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.
त्या रात्री तेवढंच एकमत झालं.

मी मधे पडून होतो.
कुणीतरी पट्टी बांधा, असं दोनदा म्हणालो.
पोहे आले, गार झाले,
शबनमनं फासे मोजून आपले आपले उचलले,
आणि जिन्यात तिच्या चपलांचा आवाज
खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला.

मग रविवार वाटले गेले.
एक सहकारनगरला,
एक कोंढव्यात तिच्या मामाच्या प्लायवूडच्या गोदामात,
जिथं ड्रॅगनला सुद्धा फेविकॉलचा वास यायचा.
मी दोन्हीकडे गेलो. इकडे पुजारी, तिकडे तिरंदाज.
दोन्हीकडे मला फितूर म्हणायचे, चहा मात्र द्यायचे.
चोराचा कागद पाकिटात होता,
लायसनच्या मागे, घडीवर फाटत चाललेला.

यंदा मार्चमध्ये मुकुलनं फ्लॅट विकला. मुलीकडे चाललाय, हॅलिफॅक्सला.
जाताना तिसरी मला दिली:
अप्पा बळवंत चौकातली जुनी झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग,
वर त्याच्या अक्षरात 'परत करणे'.

एकशे त्रेचाळीसावं पान काढलं.
पुस्तक काचेवर नीट दाबलं गेलं नसणार.
डावीकडे बोटभर काळा पट्टा.
मृत्यूचा नियम सुरू होतो,
वाक्य कडेपर्यंत जातं
आणि आकडा काळ्यात.

मी शबनमला फोन लावला.
म्हटलं, आकडा नाहीच आहे इथं. कधीच नव्हता.
दहा तो मनानंच सांगत होता.

पलीकडे मिक्सर बंद झाला.
मला त्यानं सहा सांगितला होता, ती म्हणाली.
कधी?
तुम्ही सगळे यायच्या आधी. माझी पहिली होती ती.
तिचं नाव मी हिरव्या पेनानं लिहिलं होतं.
उणे सहाला मेली, तो म्हणाला, पुस्तकात आहे.
मी पुस्तक मागितलं नाही.

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग ती म्हणाली, ठेवते, वाटण राहिलंय,
आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला, फोन ठेवायच्या आधीच.

कागद आता टेबलावर आहे, फासा त्याच्यावर.
टाकलेला नाही.
चौथीत अशा वेळी काय करतात
ते उन्मेषला विचारायचं होतं.
त्याचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नाही.