दोन रकाने

शिरोलीच्या फाउंड्रीत, भट्टीकडं पाठ करून
मी कागदावर उभी रेघ मारली.
डावीकडं दस्तगीर मुल्ला, मोल्डर, एकोणीस वर्षं:
पगार, फंड, ईएसआय, दिवाळीचा बोनस,
उरुसाची रजा,
आणि पुढं कधीतरी ग्रॅच्युइटी.
उजवीकडं ठेकेदार रेडेकर:
किलोमागं साडेपाच रुपये. बास.
माणसं कोण, किती, त्याचं तो बघंल.

उजवा रकाना दोन ओळींत संपला.
पारिसशेठ खूश. "बघा, हितंच पैसा हाय."

तेवढ्यात दस्तगीर आत आला, हात न धुता,
काळी वाळू घेऊन.
मूठ आवळली, उघडली.
"पाणी जादा झालंय. माल भोकं धरंल."
ढेकळावर त्याच्या चार बोटांचे ठसे,
न मोडता.

दुपारी सतरा साचे फोडून परत भरले.
सतरा साच्यांची किंमत मी काढली,
पण लिहायची कुठं?
रेडेकरच्या खाली जागा रिकामी होती.
तिथं लिहिली. पेन्सिलीनं.

निघताना शेठ म्हणाले, "तुमचं किती झालं?"
मी पिशवीतनं बिल काढलं.
मंगळवार, शुक्रवार.
चहा त्यांचा.
फंड नाही.