पिह्लाक

तार्तूचं दप्तरखाना, खोका बेचाळीस.
एक पिह्लाक हेरिंग माशांच्या कानांवर प्रबंध लिहितो,
दुसरी पुलांवरचा भार मोजते,
एकाला पोतंभर राय चोरली म्हणून अकरा फटके.
आणि लीसू पिह्लाक, वय सात दिवस.
पुढे शाईचा नुसता डाग.

टोरांटोहून कुणी विचारतं,
यांतले आमचे कोण?

काय कळवू?
जहागिरीचा कारकून भूदासांना
आडनावांची खिरापत वाटत होता.
कंटाळून खिडकीबाहेर बघितलं,
तर पिह्लाकाचं झाड, लाल फळांनी लगडलेलं.
त्या दुपारी रांगेत चौदा घरं होती,
एकमेकांची कुणीच नव्हती.

लिहिते :
झाड आहे का, रविवारी जाऊन बघते.
तोवर लीसूला आपली म्हणा.
तिची चौकशी अजून कुणी केलेली नाही.