उतार

रात्री अडीचला आंबट पाणी घशाशी आलं
की मी उठून बसतो आणि आधी घड्याळ बघतो.
तीस वर्षांची सवय.
अडीचला असल्फ्याच्या टेकडीची चावी उघडायची असे,
सव्वीस आटे,
मग दांड्याला कान लावून ऐकायचं
पाणी चढतंय का.
चढताना ते खोकतं,
हवा सोडतं, मग येतं.
माझंही तसंच.

मिस्किटाबाईंनी कागदावर जठर काढलं,
बालवाडीतल्या पोराने वांगं काढावं तसं,
देठाशी पेन टेकवलं. ही झडप. ढिली झालीये.
मी म्हटलं, वायसर गेला असेल.
त्या हसल्या नाहीत.
जेवण सातला. नंतर तीन तास आडवं व्हायचं नाही.
डाव्या कुशीवर झोपा.
उशांचा डोंगर नको, पलंगच उचला डोक्याकडून.

उशा रचून झाल्या होत्या माझ्या, तीन.
पोटाला घडी पडते
आणि दाब उलटा वाढतो.
हे निदान मला तरी कळायला हवं होतं.

चौकीमागे भंगारात बीडाचा पाइप पडून होता.
मोहिद्दीनने दोन कड्या कापून दिल्या, सहा-सहा इंची.
म्हणाला, निवृत्त झालात ना, आता घरात लाइन टाकताय?

पलंग उतारावर आला.
पहिल्याच पहाटे माझे पाय कपाटाच्या दाराला लागले,
चादर, मी आणि कुंदा
तिघंही पायथ्याशी गोळा,
उशा तेवढ्या वर, जागच्या जागी.
दुसऱ्या रात्री घोंगडी गुंडाळून
पायाशी बंधारा घातला.

सातला मऊ भात, दुधी, मुगाचं वरण.
सगळं ताटच फिकं.
समोर कुणी नाही.
कुंदाची दुसरी पाळी, इस्पितळातून घरी यायला दहा.
सत्तावीस वर्षं आम्ही दहालाच जेवलो,
बोंबील, कांदा, वर ठेचा,
मग मी तासभर लवंडायचो, मग चावी.
बाईंच्या यादीत चहा होता, तंबाखू होती, तिखट होतं,
कुंदा नव्हती,
आणि पहिल्याच दिवशी सुटलं ते तिच्यासोबतचं जेवण.
चहा अजून सुटलेला नाही.

आता ती जेवते, मी समोर ताठ बसतो.
लसूण सोलतो, जिचा मला काही उपयोग नाही.
काटा ताटाच्या कडेला ठेवत ती सांगते,
सतरा नंबरची म्हातारी रोज रात्री कैरी मागते,
आज एका नर्सने चोरून फोड दिली,
म्हातारीने ती नुसती हुंगली आणि झोपली.
मी ऐकतो.
पूर्वीही सांगत असेल.
पूर्वी माझं तोंड भरलेलं असायचं.

डाव्या कुशीवर वळलं की भिंत,
भिंतीचे पोपडे, त्यात एक कुत्र्यासारखा.
तिच्याकडे पाठ.
चौथ्या रात्री ती म्हणाली, सरक,
आणि मला ओलांडून भिंतीकडे गेली.
गादीत तिचा खळगा होता, माझ्या मापाला अपुरा.
मी त्यात गुडघे मुडपून मावलो.
वळलो तर समोर तिचा कान,
त्यातली सुंकली, हॉस्पिटलच्या साबणाचा वास.

परवा अडीचला जाग आली.
घशाशी काही नव्हतं. जीभ फिरवून पाहिली, तरीही नव्हतं.
खाली गल्लीत नवा पोरगा चावी फिरवत होता,
एकवीस, बावीस, मी मोजत होतो.
डोळे न उघडता कुंदाने विचारलं, पडला का उतार?
सहा इंच, म्हटलं.
ती हसली की घोरली, कळलं नाही.

चोवीसवर पोरगा थांबला.
दोन आटे राहिले.
वरच्या चाळींना पाणी करंगळीएवढं जाणार.
खिडकीतून ओरडून सांगावं
तर तिच्या हाताखालून हात काढावा लागणार होता.

पडल्या पडल्या वाट पाहिली.
बऱ्याच वेळाने पाणी खोकलं.