चार बोटं

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे ग्राउंडवरची रिंग
चार बोटं खाली होती.
हे मला कळलं पतियाळात, कॅम्पला,
एकोणिसाव्या वर्षी,
महिनाभर एकही चेंडू धड जाईना तेव्हा.
प्रत्येक शॉट कड्याच्या ओठाला लागायचा, परत यायचा.
कोच म्हणाल्या, कुठून शिकून आलीस?
मी म्हटलं, पूर्णा.
त्यांना वाटलं, मी नदीचं नाव सांगतेय.

शिकवलं मोईन सरांनी.
दिवसा पार्सल ऑफिस, संध्याकाळी गळ्यात शिट्टी.
जाळी सरांनीच विणलेली, पोत्याच्या सुतळीची.
तिच्यातून चेंडू मुका खाली यायचा.
खऱ्या जाळीचा तो सर्रकन आवाज
पहिल्यांदा ऐकला परभणीला, जिल्ह्याच्या मॅचमध्ये,
आणि मी धावायचीच विसरले.
मे महिन्यात सिमेंट सकाळी आठलाच
बुटातून तळव्यात चढायचं.
क्वार्टरमधल्या सगळ्या पपया माझ्या हातानं उतरायच्या.
"संगू, येवढं वरचं डबडं काढून दे की माय,"
इतकाच तेव्हा माझ्या उंचीचा उपयोग.

बारा वर्षं भारताची जर्सी.
पाठीवर खिल्लारे. तैपेईच्या माईकवर किलारे.
हिशोब वहीत आहे:
मॅच एकतीस,
मैदानावर एकशे सदतीस मिनिटं.
म्हणजे पॅसेंजरनं नांदेडला जाऊन परत यावं,
मध्ये सिग्नलला खोळंबून.
उरलेला सगळा वेळ बाकावर,
खांद्यावर टॉवेल, थरथरते गुडघे,
"डावीकडून येतेय, डावीकडून!"
माझा घसा माझ्यापेक्षा जास्त खेळला.

अण्णा फोनवर विचारायचे, खेळलीस का गं?
चार मिनिटं, अण्णा.
मंग? गाडी गेली न नीट?
पॉइंट्समन माणूस.
बत्तीस वर्षं न थांबणाऱ्या गाड्यांना
हिरवी बत्ती दाखवली.
म्हणायचे, आपन काय गाडीत बसत नसतो,
पर उभं ऱ्हावं लागतंय.

दोहा. कझाकस्तान. एका गुणानं मागे.
शेवटचे अकरा सेकंद, आमची सेंटर पाचव्या फाउलवर बाहेर,
आणि बाकावरून मी.
मला ढकललं. दोन फ्री थ्रो.
पहिला गेला.
दुसरा कड्याच्या ओठाला लागला,
तिथंच, त्या चार बोटांवर.
परतलेला चेंडू लिझीनं उचलला आणि आत टाकला.
जिंकलो.
गावच्या पेपरात आलं:
पूर्णेच्या कन्येनं देशाला जिंकून दिलं.
शाल, नारळ, नगराध्यक्ष, फ्लेक्सवर माझा पासपोर्टचा फोटो.
लिझीचं नाव कुणी घेतलं नाही.
मीही नाही.
आत्ता घेतेय.

गुडघा गेला सिकंदराबादला, सरावात.
आसपास कुणीसुद्धा नव्हतं.
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज,
आणि मी खाली बसले, जणू कुणी बस म्हटलं.

आता अकोल्याच्या गाडीत तिकिटं तपासते.
वरच्या बर्थवर लपलेले मला वाकून शोधावे लागत नाहीत.
संध्याकाळी ग्राउंड. अकरा पोरी.
त्यातली हटकरांची नंदा चेंडू असा धरते
की मला माझ्या वहीची भीती वाटते.

गेल्या महिन्यात गफारभाईंना बोलावलं, वेल्डिंगवाले.
टेप लावला, दोनदा मोजलं,
जुना नट कापला.
ठिणग्या उडत होत्या, पोरी कानांवर हात ठेवून बघत होत्या.
मोईन सर नाहीत आता. त्यांना हे सांगायचं राहिलं
की तुम्ही बरोबरच शिकवलंत,
खांबच जरा खचला होता.

रिंग वर गेली. चार बोटं.
तेव्हापासून सगळ्यांचे शॉट अपुरे पडतायत.
नंदानं काल चेंडू आपटला,
"म्याडम, आधीच बरं व्हतं."
रात्री, गुडघ्याला पट्टा बांधून, मी एकटीच टाकून बघते.
दहातले सहा.
अण्णा पायरीवर बसून मोजतात,
मध्येच मालगाडी आली की मोजणं चुकतं,
हात आपोआप वर जातो त्यांचा.

पोरी चिडल्यात.
महिनाभर चिडतील.